अकराव्या मैलावरचे काटे

रविवार, दिनांक ९ मार्च १९५८, सकाळी साडेनऊचा सुमार. केळापूर तालुक्यातून डोंगर ओलांडून मारेगावकडे जाणाऱ्या जंगलरस्त्याचा अकरावा मैल. येथे जफर मुन्शी सायकलवरून उतरले आणि संतापाने त्यांचे कान तापले. रस्ता बंद होता. बाभळीच्या आणि बोरीच्या फांद्या या कडेपासून त्या कडेपर्यंत छातीइतक्या उंच रचल्या होत्या. आणि वर, जणू थट्टेखातर, कडुलिंबाचे हिरवे डहाळे खोचले होते.

जफर मुन्शी वीस वर्षे पांढरकवड्याला कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहीत आले होते. अन्याय दिसला की त्यांना आधी कलम आठवे, मग माणूस. आज अन्याय त्यांच्यावरच झाला होता. मारेगावी त्यांच्या लेकीला, शहनाजला, मुलगा झाला होता. आज सातवा दिवस, दुपारी अकीका, म्हणजे बाळाचे जावळ काढून नाव ठेवण्याचा विधी. मोटारीची सडक पाच-सहा मैल लांबची, आणि ही वाट त्यांची लाडकी. सागाच्या रानातून ती अशा बेताने चढते की सायकलवरून एकदाही पाय टेकावा लागत नाही. आज तर ती विलक्षण शांत होती. बैलगाडी नाही, गुराखी नाही. मोहाची फुले झाडांखाली पसरून पडली होती आणि वेचायला एकही बाई आली नव्हती. नातवाच्या आनंदात मुन्शीजींनी त्या शांततेबद्दल दोनदा अल्लाचे आभार मानले होते.

आणि आता हे काटे!

मागे वळावे तर अकीका चुकणार. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि एकेक फांदी ओढून नाल्यात फेकली. हात रक्ताळले. प्रत्येक ओरखड्यागणिक अर्जाचा मसुदा मनात पक्का होत गेला: सार्वजनिक रस्ता, हेतुपुरस्सर अडथळा, वाटसरूस इजा.

पलीकडे बंजाऱ्यांचा तांडा होता. तांड्याचा नाईक भीमसिंग काठी घेऊन धावत आला, पण वीस पावलांवरच थबकला.

"पलटा, मुन्शीजी! पलटा!"

"काहून पलटू? रस्ता तुह्या बापाचा हाय का?" मुन्शीजी सायकल हाती धरून पुढे निघाले.

"ऐका त खरं. तांड्यात..."

"तांड्यात काय हाय ते मले नको सांगू. काटे कोणं टाकले?"

"मीच टाकले. पण..."

"वा रे नाईक! कबूल बी करते, अन् वरून पण बी म्हणते!"

ते एक पाऊल पुढे गेले की भीमसिंग एक पाऊल मागे सरके. गुन्हेगार असाच मागे सरतो, हे मुन्शीजींनी कचेरीत हजारदा पाहिले होते. त्यांचा आवाज चढत गेला. झोपड्यांच्या दारांतून माणसे पाहत होती; कोणी जवळ येईना, कोणी पाणी विचारीना. वाटसरूची ही बूज! पहिल्याच घरासमोर उन्हात एक बाज टाकली होती, तिच्यावर गोधडी. मुन्शीजींनी सायकल कुडाला टेकवली, बाज ओढून सावलीत घेतली, तिच्यावर मांडी घातली आणि गोधडीची घडी करून मांडीवर ठेवली. खिशातून काढलेल्या अर्जाच्या कागदाला टेकू मिळाला.

"मुन्शीजी, त्या बाजेवर नका..." भीमसिंग ओरडला.

"चूप! बाज कोणाची ते मागाहून. आधी तुहं नाव सांग. बापाचं सांग."

भीमसिंगाचे खांदे पडले. त्याने नाव सांगितले, बापाचे सांगितले. मुन्शीजींनी ते वळणदार अक्षरांत उतरवले, आणि मग, अर्जाच्या रीतीप्रमाणे, समोरच्याला प्रथमच बोलू दिले.

"हं. रस्ता अडवाचं कारण?"

उत्तर भीमसिंगाकडून आले नाही. त्या घरची मानीबाई दाराशी येऊन उभी होती.

"देवी निघाल्या तांड्यात. नऊ जण पडून हायेत. तुमी बसले ते बाज माह्या पोरीची हाय. काल सांजेले तिले तिच्यावरून उचललं अन् पुरलं."

लेखणी थांबली. मुन्शीजी उठले तशी गोधडी त्यांच्या पायांवर घसरली.

"मंग... मंग हे सांगाचं नाही?"

"कवापासून सांगून राह्यलो," भीमसिंग म्हणाला. "लिंबाचे डहाळे कायले लावले होते? देवीची खूण हाय ते. आमची बिमारी बाहेर जाऊ नाही म्हणून वाट बंद केली आमी. बजार सोडला. मोहा सोडला. पोटाले चिमटा घेतला. अन् तुमी ते काटे नाल्यात फेकले."

मुन्शीजींनी सायकलीचे हँडल धरले. मारेगाव आता नऊच मैल होते, आणि बहुतेक सारा उतार.

"मी कोणाले शिवत नाही," ते पुटपुटले. "दुरूनच पाहीन. सात दिवसांचा झाला आज."

तेव्हा मानीबाई दारातून निघाली आणि सरळ पुढच्या चाकासमोर येऊन उभी राहिली. तांड्यातली इतकी माणसे त्यांच्यापासून दूर राहिली होती. ही राहिली नाही.

"सात दिवसांचं लेकरू," ती म्हणाली, "अन् माह्या पोरीची गोधडी मांडीवर घेऊन तुमी त्याच्यापाशी जाता?"

भीमसिंगाने काठी रस्त्यावर आडवी धरली. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"एकवीस दिवस, मुन्शीजी. तवरक तुमी बी काट्याच्या आत."