रविवारची बासुंदी

डाव पातेल्याच्या बुडाला खर्रकन घासला, तशी गुपचूप जेवणारी पंगत दचकली.

“संपली व्हय बासुंदी, वैनी? जादा पैसं दिल्यात की आमी!” हंबीरराव ओरडला.

नवरा गेल्यापासून सरोजिनी रंकाळ्याजवळच्या दोन खोल्यांत खाणावळ चालवत होती. रोजचं जेवण महिन्याच्या पैशांत, रविवारचं गोड मात्र जादा देणाऱ्यालाच. तरी सगळे द्यायचे, कारण ती घरच्यासारखा आग्रह करून वाढायची. आताही तिनं पातेलं तिरकं केलं.

“नको, नको, वैनी! पुरं!” हंबीररावानं लगेच वाटीवर हात आडवा धरला. ती हसली नाही, की थांबली नाही. सवयीनंच तिनं त्याच्या बोटांच्या फटीतून शेवटची धार सोडली.

“पैसं वसूल!” शेजारचा म्हणाला. “एवढा आग्रह आमच्या घरात बी न्हाय.”

पंगत उठल्यावर तिनं पातेल्याची खरवड लेकीच्या वाटीत घातली. पाच वर्षांच्या कुमुदनं ती बोटानं चाटून संपवली आणि रिकाम्या वाटीवर हात आडवा धरून पाहिला.



“आई, मी कधी गं म्हणायचं, ‘नको’?”