हरलो तर घरी

“पत्ते घेतलेस ना?” गाडीत बसण्याआधी सावेरियोंनी लेकीला, नुन्झियाला विचारलं.

“घेतले, बाबा.”

बाकीच्या सामानाची त्यांनी चौकशीच केली नाही. नुन्झियाने पिशवी आदल्या संध्याकाळीच भरून ठेवली होती. लोकरीची शाल, जाड मोजे, ऑम्लेट भरलेला पाव, औषधाने तोंडाला येणारी लोखंडी चव घालवायला लिंबाच्या फोडी आणि नर्सबाईंसाठी बदामाची बिस्किटं. सावेरियोंची तयारी त्यांची त्यांनी केली होती. गुळगुळीत दाढी, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, वर हॅट. इटलीत, कालाब्रियाच्या डोंगरातल्या त्या गावात माणूस इस्पितळात निघाला तरी वऱ्हाडात निघाल्यासारखाच निघायचा.

पत्त्यांचं मात्र त्यांनी दरवेळी विचारलं, कारण सगळं त्यावरच अडलं होतं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, सुईवाटे द्यायचं औषध सगळ्या खेपांना घेतलं तर माणूस उठेल, मधेच सोडलं तर काही खरं नाही. सावेरियोंना धास्ती होती ती डोक्याची. या औषधाने माणसाचं डोकं चालेनासं होतं असं त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं. मग एका रविवारी भरल्या कॅफेत, रोक्को न्हाव्यासमोर त्यांनी टेबलावर हात आपटला. “पत्त्यांत, ब्रिस्कोलाच्या डावात आजवर मला कुणी हरवलेलं नाही. इस्पितळात सुई लावून बसलो की मी लेकीशी खेळेन. ज्या दिवशी हरलो, त्या दिवशी डोकं गेलं समजायचं. सुई काढून सरळ घरी!”

सावेरियोंचा शब्द म्हणजे शब्द. एकदा दिलेला शब्द त्यांनी कधी, अगदी बायको वारली त्या दिवसांतही, फिरवला नव्हता.

आता गंमत अशी, की नुन्झिया त्यांच्यापेक्षा सरस खेळायची. गावात बायका कॅफेतल्या टेबलाला बसत नाहीत, म्हणून हे कुणालाच ठाऊक नव्हतं. लहानपणापासून घरच्या डावांत बापाच्या खुर्चीमागे उभं राहून तिने सगळा खेळ डोळ्यांनी गिळला होता. आणि आता ती हरत होती. हरणं काय सोपं असतं? असं हरायचं, की समोरच्याला वाससुद्धा येता कामा नये. आपल्या या कसबाचा तिला मनातून केवढा अभिमान वाटायचा!

“अगं, काय हे!” पहिल्या खेपेला सावेरियो खुशीत ओरडले होते. “एक्क्याखालोखाल गुणांची तिर्री कुणी अशी उघड्यावर टाकतं का? बापाचं नाव बुडवशील!”

“शिकतेय हो, बाबा.”

शेजारच्या खुर्चीतली म्हातारी खुदकन हसली होती. हाताला सुई असूनही खोलीत कॅफेसारखी मजा आली होती.

पुढे मात्र गणित अवघड होत गेलं. सावेरियो चुकायला लागले. हुकूम नसत्या हातावर वाया घालवू लागले. एकदा पेल्यांच्या रंगाचा एक्का त्यांनी सरळ तिच्यापुढे टाकला. तिच्या हातात हुकमाची दुर्री होती, उचलायचा तेवढाच अवकाश. औषधाने खरंच डोकं गेलं की काय बाबांचं? तिने दुर्री दडवली आणि त्या एक्क्यावर स्वतःची तिर्री घातली. इतके गुण आयते बापाच्या पदरात!

सावेरियोंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“दमलात का, बाबा?”

“गप खेळ.”

एका खेपेला तर कहरच झाला. त्यांनी इतकं भान सोडून पत्ते टाकले, की काहीही केलं तरी तिचीच थप्पी जड होऊ लागली. निम्म्याच्या वर गुण तिच्याकडे! नर्स बाटली बदलायला आली, सावेरियो तिकडे वळले, तेवढ्यात नुन्झियाने आपल्या थप्पीतला एक एक्का आणि एक तिर्री त्यांच्या थप्पीत सारली. जिंकायला लबाडी करतात लोक, ती हरायला करत होती.

सावेरियोंनी गुण मोजले. मग पुन्हा मोजले.

“मीच जिंकलो?”

“तुम्हीच. तुमच्यापुढे कुणाचं काय चालणार?”

त्यांनी पत्ते बाजूला सारले आणि डोळे मिटून घेतले. तिला रात्रभर झोप नव्हती. पण पुढच्या खेपेला दाढी करून, सदरा चढवून ते दारात हजर होते. शब्दाला जागणारा बाप! तिचा ऊर भरून आला.

आणि एके दिवशी शेवटची बाटली संपली. शेवटचा डावही सावेरियोंनीच जिंकला. पुढच्या महिन्यात तपासण्या झाल्या आणि डॉक्टर हसून म्हणाले, “निर्धास्त जा.”

गावात पोचताच सावेरियोंनी गाडी कॅफेपाशी थांबवायला लावली. सगळे उठून उभे राहिले, टाळ्या झाल्या. नुन्झियालाही कधी नव्हे ते आत बोलावलं, हातात लिंबाचं सरबत दिलं.

“एकदाही हरला नाहीस?” रोक्कोने विचारलं.

“एकदाही नाही!” सावेरियो गरजले. रोक्कोने त्यांच्या पाठीवर अशी थाप मारली की हॅटच उडाली.

नुन्झिया गल्ल्यापाशी उभी राहून बापाकडे बघत होती. आपल्यामुळे हा माणूस आज इथे बसलाय, हे कुणालाही न सांगता मरायची तिची तयारी होती.

मग सावेरियो रोक्कोच्या कानाशी वाकले. त्यांची कुजबुज म्हणजे अख्ख्या कॅफेला ऐकू जाणारी.

“खरं सांगू? दुसऱ्या खेपेलाच माझा जीव मेटाकुटीला आला होता रे. वाटायचं, सुई काढावी आणि घरी यावं. पण तुमच्यासमोर शब्द देऊन बसलेलो. मग म्हटलं, हरू या. हुकूम वाया घालवले, एक्के ताटात वाढून दिले... पण ही बया! पोरगी सोन्यासारखी आहे रे, पण पत्त्यांत इतकी ढ, की जिवाचा आटापिटा करूनही मला तिच्याकडून एकदासुद्धा हरता आलं नाही!”