तासाभराचा प्रश्न

"अक्का, तासाभराचा तर प्रश्न आहे," पक्षाध्यक्ष अण्णा नजर चुकवत म्हणाले. "पाहुणे गेले की परत लावू."

कावेरीअक्कांनी पक्षकार्यालयाच्या भिंतीवरून नवऱ्याचा फोटो उतरवला. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातल्या पहिल्याच मोर्चात पोलिसांच्या गोळीनं तो गेला. त्याच्या नावानं मतं मागत पक्ष वाढला. आता सरकार बनवायला खासदार कमी पडत होते, आणि हवे तेवढे होते गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या माजी मंत्र्याकडे.

फोटो छातीशी धरून अक्का या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिल्या. कुठं ठेवावा, सुचेना.

पाहुणे आले. अण्णांनी त्यांना झेंडूचा हार घातला, टाळ्या पडल्या. गळ्यातला हार लगेच काढून पाहुणे तो ठेवायला जागा शोधू लागले.

"द्या इकडं," म्हणत अण्णांनी तो फोटोच्या रिकाम्या खिळ्याला अडकवला.