आखूड धुराडं
"पुन्हा उपटलंत ना?" नवरा पुटपुटला. वडिलांनी चालवलेल्या वाफेच्या इंजिनाची हुबेहूब प्रतिकृती करायची म्हणून तो फोटोतले रिव्हेट भिंगातून मोजायचा. सासरे त्याने चिकटवलेलं आखूड धुराडं रोज उपटून पेनाचं लांब टोपण खोचायचे. गोंदाचे डाग मात्र माझ्या टेबलक्लॉथवर. "बाबा, फोटोत आखूडच आहे." "लांब होतं." "फोटो खोटा का?" "इंजिन कोण चालवायचं, तू?" मी वैतागले. "फुलदाणी बसवा, वाद मिटेल." कुणी हसलं नाही. सासऱ्यांसोबत कोळसा टाकायला सासूबाईंचा धाकटा भाऊ असायचा; ज्या धडकेत तो गेला, तिचा विषय घरात कुणी काढत नसे. सासूबाईंनी फोटो उलटा ठेवला आणि टोपण मुलाच्या हातात दिलं. "हेच बसव. यांचं बरोबर आहे. आखूड धुराडं धडकेनंतर बसवलं." सासरे मान वळवून म्हणाले, "लांब होतं, तोवर तुझा मामा होता."