कापशीचा दोष

रुख्माबाईंनी कापशी सशीला कान धरून उचललं आणि भाजीच्या थैलीत घातलं. थैली थोडी धडपडली, मग गप झाली. खाली जुन्या हातमागाच्या खड्ड्यात तिचा जोडीदार भुऱ्या मागच्या पायांवर उभा राहून वर बघत होता.

"उद्या गांधीबागेत त्या ससेवाल्या नत्थूजीकडे देऊन टाक गा हिले," जेवायला बसलेल्या लेकाला त्या म्हणाल्या. "आन् बदल्यात दुसरी आण. पिलं देणारी. वर्ष होऊन राह्यलं, हा रोज चढते तिच्यावर. एक पिलू नाही. वांझोटी आहे, दुसरं काय."

चंद्रकला उंबऱ्याशी मुळ्याचा पाला निवडत होती. तो शब्द आला की सुनेची मान आपोआप खाली जायची. चार वर्षांत तिने तो इतक्यांदा ऐकला होता, की बोलणं सशीबद्दल चाललंय की आपल्याबद्दल, हे तिला आता वेगळं काढता येत नसे. रुख्माबाईंनाही ते वेगळं काढायची घाई नव्हती.

चंद्रकला या घरात यायच्या आधीच सासरे गेले, तसा घरातला हातमाग विकला गेला. वसंत वाडीला ट्रान्स्पोर्टच्या गोदामात पोती उचलायला लागला. मागावर बसताना पाय सोडायचा खड्डा तेवढा उरला, त्यात हे सशांचं बिऱ्हाड. रामदासपेठेतल्या एका साहेबांची बदली झाली, त्यांचं सामान वसंतने ट्रकात चढवलं, आणि जाताना साहेबीणबाईंनी ही जोडी त्याच्या पदरात घातली. एकमेकांशिवाय जेवत नाहीत, वेगळे करू नका, एवढंच त्या बोलल्या, असं वसंतने घरी सांगितलं होतं.

भुऱ्या चढायचा हे खरं. वेळकाळ बघायचा नाही. शेजारणी आल्या की तोंडाला पदर लावायच्या. रुख्माबाईंना मात्र त्याचं भारी कौतुक. नर म्हणजे असा! पुरुषांच्या बाबतीत त्यांचं सगळं शास्त्र इथेच संपत होतं. वसंतचाही त्यांना असाच अभिमान. आणीबाणीत वाडीचे हमाल ट्रकात कोंबून नसबंदीला नेले, तेव्हा आपला पोरगा बिनलग्नाचा म्हणून वाचला, ही गोष्ट त्या आल्यागेल्याला रंगवून सांगत.

चंद्रकलेची पिशवी दोनदा साफ करून झाली होती. दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, एकदा यांच्या मालकांनाही तपासू. "आमच्या पोराले काय धाड भरली?" म्हणत रुख्माबाईंनी त्यांना गप्प केलं होतं. वसंत बाहेर बाकावर मान खाली घालून बसला होता. चंद्रकलेला तेव्हा त्याचीच दया आली. आपल्यापायी या भल्या माणसाला काय काय ऐकावं लागतं, असं वाटून ती घरी येऊन रडली होती.

उद्या तिचं पोट उघडून पाहणार होते. त्यातूनही काही निघालं नाही, तर उमरेडच्या पाहुण्यांना होकार कळवायचा, हे ठरलेलं होतं. वसंतसाठी तिथली मुलगी रुख्माबाईंनी पाहूनही ठेवली होती. दाराशी चंद्रकलेची थैली भरून तयार होती. दोन पातळं, पेला, तेलाची बाटली. तिच्या शेजारी आता कापशीची थैली. चंद्रकलेला भीती वाटत होती. मरायची तेवढी नाही, जेवढी परत यायची.

खड्ड्यात भुऱ्याने पाय आपटला. पुन्हा आपटला.

"राहू दे माय तिले," वसंत ताटाकडे बघत म्हणाला. "दुसरी आणून काही फायदा नाही."

"काहून?"

"त्याचं आपरेशन झालेलं आहे. साहेबीणबाईनं सांगतलं होतं मले. जनावराच्या डॉक्टरनं केलं."

"चल! मंग चढते कसा गा तो?"

"चढते. त्यानं काही फरक पडत नाही. वरून कोणाले समजत नाही."

रुख्माबाईंना हे पटेना. "आपरेशन कराचंच होतं तं मादीचं कराव. पिलं तं तिलेच होतेत ना?"

"मादीचं पोट फाडा लागते, माय. मरते कधीकधी." वसंत भराभरा बोलत होता. इतकं बोलताना चंद्रकलेने त्याला कधी ऐकलं नव्हतं. "नराचं सोपं असते. दहा मिनिटाचं काम. झोपवतही नाहीत. आठ दिवस पोतं उचलू नाही म्हणतेत, बस. मंग काहीच नाही."

रुख्माबाई खो खो हसल्या. "ससा कोणतं पोतं उचलते गा?"

वसंतचा घास हातातच राहिला.

चंद्रकला हसली नाही. ती उठली. तिने थैलीचं तोंड सोडलं, कापशीला दोन्ही हातांनी बाहेर काढलं आणि अलगद खड्ड्यात ठेवलं. भुऱ्याने तिला हुंगलं, तिचे कान चाटले, आणि नेहमीसारखा तिच्यावर चढला. चंद्रकला बराच वेळ ते बघत उभी राहिली. रुख्माबाईंचं हसू कधी थांबलं ते तिला कळलं नाही.

"आन् तुमचं कवा झालं?" तिने विचारलं.

वसंतने ताट बाजूला सारलं.

"तुले पाह्यले येण्याच्या आधी."