मनकर्णाबाईंची अमेरिका

"चहा!" मनकर्णाबाईंनी बाकावर थाप मारली. "बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या फेकल्या पाण्यात. साल सतराशे त्र्याहत्तर. पेट्या तीनशे बेचाळीस."

तात्यासाहेबांच्या हातातला खडूच खाली पडला. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत इतिहास शिकवला, पण पेट्यांचा आकडा एकाही पोरानं कधी ध्यानात ठेवला नव्हता. आणि फुलंब्रीची ही सत्तरीची बाई रोज सकाळच्या बसनं यायची, गुलमंडीतला त्यांचा जिना धापा टाकत चढायची आणि घडाघडा सांगायची.

"एवढी पत्ती वाया घालवली," बाई हळहळल्या. "आपल्या खाम नदीत टाकली असती, तर जरा वास तरी मेला असता."

आठ दिवसांपूर्वी त्या आल्या, तेव्हा मोजकंच बोलल्या होत्या. "गुर्जी, शुक्रवारी परीक्षा हाय. नातू बद्रीनाथ अमेरिकेत असतो. मला अमेरिकेचं पार मुळापासून शिकवा."

एवढ्यावर तात्यासाहेबांना सगळं कळलं. व्हिसा! म्हातारी नातवाकडं निघाली आणि तिकडचे साहेब मुलाखतीत काय काय विचारतात, हे तर सगळ्यांनाच ठाऊक. त्यांनी त्याच दिवशी खाली कापडवाल्या मजीदभाईंना सांगून टाकलं, म्हणजे अख्ख्या गुलमंडीला सांगितल्यासारखंच.

मजीदभाईंचा डोळा कधीपासून 'तात्यासाहेबांचा इतिहास वर्ग' या पाटीवर होता. "मास्तर, शर्त लावा. तुमची अम्मा पास, तर पाटी राहील. फेल झाली, तर त्या जागी माझा सेलचा बोर्ड."

"मंजूर!" तात्यासाहेब गरजले होते. आता रात्रंदिवस ती पाटी त्यांच्या डोळ्यांपुढं हलत होती.

"पहिला राष्ट्राध्यक्ष?" त्यांनी खडू उचलला.

"वॉशिंग्टन. दात खोटे होते त्याचे. माझे बी हायेत, त्यात काय!"

"झेंड्यावर पट्टे?"

"तेरा. मूळच्या वसाहती तेरा म्हणून पट्टे तेरा." मग बाईंनी डोळे बारीक केले. "गुर्जी, कुणी बारा म्हटलं तर?"

"चूक."

"चौदा?"

"साफ चूक! इतिहास म्हणजे भाजीवाल्याचा काटा नाही, थोडं इकडं-तिकडं चालायला. ज्याला तेरा सांगता येत नाही, त्याला अमेरिका ठाऊकच नाही."

"मग बरं." हे वाक्य बाईंनी पदराच्या गाठीत बांधल्यासारखं तोंडातल्या तोंडात दोनदा म्हटलं.

तात्यासाहेबांना भरून आलं. "बाई, इतकं खोलात नाही विचारत तिथं."

"खोलातच जायचं, गुर्जी. एकदा फसले मी. धाकटीच्या लग्नात मध्यस्थानं सांगितलं, मुलगा पुण्याचा, बंगला हाय, बाग हाय. निघाला करमाडचा! पुणं त्यानं यष्टीच्या खिडकीतनं बघितलेलं. तवापासनं ठरवलं, अर्धवट माहितीवर कायबी करायचं नाय."

गुरुवारी शेवटची उजळणी झाली. बाईंच्या पिशवीतून हिरव्या बांगड्या डोकावत होत्या, नुकत्याच खालच्या बाजारातून घेतलेल्या. माप एवढं मोठं की बाईंची दोन्ही मनगटं एकात गेली असती.

"मुलाखतीला नव्या बांगड्या! झकास. पण सैल होतील की."

"असू द्या. मधेच पाणी मागितलं, तर चालतं का वो?"

"चालतं की. माणूसच आहे."

"आन् कागदपत्रं?"

"ती लागतीलच."

"मग बद्रीनाथला सांगते आणायला. तुमी बी या उद्या. घरीच हाय. अडलं-नडलं तर जाणतं माणूस असावं."

घरीच! म्हणजे व्हिडिओवर. काय जमाना आला, तात्यासाहेब मनाशी म्हणाले.

शुक्रवारी सकाळी मजीदभाईंनी स्कूटर काढली. निकाल स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता ना. मागं तात्यासाहेब, मांडीवर पेढ्यांचा पुडा. फुलंब्री येईपर्यंत त्यांनी तेराच्या तेरा वसाहती मजीदभाईंच्या कानात ओतल्या.

"बस करो मास्तर," मजीदभाई कळवळले, "आता मलाच व्हिसा मिळेल!"

मनकर्णाबाईंच्या दारात चपलांचा ढीग होता. आतून आवाज येत होता तो बाईंचाच, ठणठणीत. "बोला. पहिला राष्ट्राध्यक्ष कोण?"

तात्यासाहेब चक्रावले. प्रश्न बाईच विचारतायत? ते चपला न काढताच उंबऱ्यात थांबले.

बैठकीत सतरंजी अंथरली होती. भिंतीला टेकून अख्खं गाव. मधोमध पाटावर एक उंचच उंच गोरीपान मुलगी, सोनेरी केसांवर पदर, हातात कांदेपोह्यांची ताटली. घामानं डबडबलेली. बाजूला बद्रीनाथ, तिचा पासपोर्ट हातात घेऊन. समोर मनकर्णाबाई आणि त्यांच्या पुढ्यातल्या ताटात हिरव्या बांगड्या, हळद-कुंकू, नारळ.

"या गुर्जी! वॉशिंग्टन आला तिला. आता शेवटचा. इचार रं बद्रीनाथ, वसाहती किती?"

बद्रीनाथनं कानात विचारलं. मुलीनं आढ्याकडं पाहिलं, बोटं मोजली, पाणी मागितलं. मिळालं. ती प्यायली आणि गोड हसून, नुकत्याच शिकलेल्या मराठीत म्हणाली, "चौदा?"

मनकर्णाबाईंनी बांगड्यांचं ताट स्वतःकडं ओढून घेतलं.

"आजी, ती तिथलीच आहे गं!" बद्रीनाथ ओरडला. "चार पिढ्या! हा बघ पासपोर्ट!"

मनकर्णाबाईंनी पासपोर्टाकडं बघितलंसुद्धा नाही. एक-एक करून बांगड्या उचलल्या आणि परत पिशवीत टाकल्या.

"मास्तर," मजीदभाई तात्यासाहेबांच्या कानाशी पुटपुटले, "अब इसमें फेल कौन हुआ?"

"गुर्जी," मनकर्णाबाईंनी सुस्कारा सोडला, "जाता जाता जरा करमाडला चौकशी करा."