तिसरं ध्येय

"हुशार होणं हे ध्येय नाही," रोवेनाने कागद परत केला. "काय, किती आणि कधीपर्यंत, ते लिहा."

"काय, तर हुशार. कधीपर्यंत, तर मरेपर्यंत," लुझविमिंडाबाई म्हणाल्या.

वर्ग खो खो हसला. बाजाराच्या माडीवरचा हा शनिवारचा वर्ग, शाळा अर्ध्यात सुटलेल्यांचा. दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती. आता पुढच्या वर्षाची ध्येयं लिहायची आणि खाली रोवेना मॅडमची सही घ्यायची. कोणी ट्रायसिकल, म्हणजे तीनचाकी रिक्षा चालवणारा, कोणी मासे विकणारी. चौसष्ट वर्षांच्या लुझविमिंडाबाई सगळ्यांच्या आजी.

मासे विकणाऱ्या चेरिलिनने लिहिलं होतं: रोज पाच इंग्रजी शब्द, जूनपर्यंत.

"शाब्बास," रोवेना म्हणाली.

आजींनी नवा कागद पुढे केला. एक: अपूर्णांकांची रोज दहा गणितं. दोन: डिसेंबरपर्यंत इंग्रजीत अर्ज, चुका तीनच्या आत. काम चोख होतं. रोवेनाने सही ठोकली. "पुढचा कागद."

"आजींच्या वाटणीचं शाब्बास मॅडमनी उंदरांना घातलं वाटतं," चेरिलिन म्हणाली. "दोन वर्षांत एक नाही."

"असू दे गं. लाड झाले असते तर अपूर्णांक अजून अपूर्णच राहिले असते." आजींनी घडी घातलेली एक चिठ्ठी टेबलावर ठेवली. "हे तिसरं. प्रमाणपत्र समारंभाच्या दिवशी उघडा."

"मोजता येण्यासारखं आहे ना?"

"एकच आहे. मोजायला सोपं."

मग केळीच्या पानात बांधलेल्या चिकट भाताच्या पुड्या त्यांनी सगळ्यांना वाटल्या. मॅडमची वेगळी, गूळ कमी. जाता जाता रोवेनाची दुमडलेली कॉलर सरळ केली. मग दोघी एकाच ट्रायसिकलने निघाल्या.

सोमवारी पहाटे लुझविमिंडाबाई झोपेतच गेल्या.

त्यांच्यासाठीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला अख्खा वर्ग रोज जायचा. रोवेना सगळ्यांना कॉफी देत फिरायची. चेरिलिनने भाताच्या पुड्या करून आणल्या. त्यात गूळ इतका, की आजींनी कान उपटला असता असं म्हणत सगळी रडता रडता हसली.

निकाल लागला. आजी वर्गात पहिल्या.

प्रमाणपत्र समारंभाला ज्याचं त्याचं घरचं माणूस मंचावर जाऊन गळ्यात पदक घालत होतं. शिक्षकांच्या रांगेत बसून रोवेनाने चिठ्ठी उघडली.

'मॅडमकडून एक शाब्बास.'

लुझविमिंडाबाईंचं नाव पुकारलं. पोरं बाकांवर उभी राहून टाळ्या पिटू लागली. रोवेना आजींचा फोटो घेऊन मंचावर चढली.

बाहेरगावचा निवेदक हळूच म्हणाला, "मॅडम, इथे घरच्यांनीच यायचं असतं."

"हो, माहीत आहे." तिने पदक घेतलं, फोटोला घातलं, फीत नीट सरळ केली. समोरच्या माइकमधून तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला.

"शाब्बास, आई."